टॅब वर्गात आला, पुढे काय?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची छोटी वस्ती आहे. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक पडले. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना जगापुढे मांडली होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग मुंबईपासून जेमतेम दोन तासांवरच्या या शाळेत झाला. त्या यंत्राचा पडदा फिरवून मिटला की ते पुस्तकासारखे हातात धरून वाचता येई. आयपॅड बाजारात यायला तेव्हा आणखी तीन वर्षे होती.

महाराष्ट्रातल्या वर्गात टॅब आणि शैक्षणिक ॲप कसे आले, याची गोष्ट सहसा करोनाच्या टाळेबंदीपासून सांगितली जाते. ती त्याच्या बरीच आधी, अशा एखाद्या वाडीवर सुरू होते. आधीची वर्षे वगळली की त्या वर्षांत मिळालेले धडेही हातचे जातात, आणि मग प्रत्येक नवी योजना कोऱ्या पाटीवर पहिले अक्षर गिरवल्यासारखी सुरू होते. हे पुस्तक जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी आहे. कोणते ॲप घ्यावे, तासाला ते कसे वापरावे, टॅब कमी आणि मुले जास्त असली तर काय करावे, हे पुढच्या प्रकरणांत येईलच. त्याआधी या विषयाची पार्श्वभूमी एकदा नीट पाहून घ्यायला हवी.

निग्रोपाँटींचा संगणक १०० डॉलरमध्ये मिळणार होता. प्रत्यक्षात किंमत जवळपास दुप्पट झाली. भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेत सहभागी व्हायला नकार दिला होता. मनुष्यबळ विकास मंत्रालयाचा आक्षेप शैक्षणिक होता: लहान मुलांना एकेक यंत्र देऊन ती अधिक चांगली शिकतील याला आधार काय? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मात्र उत्साहाने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना यंत्रे मिळाली होती, ती ते वापरतही होते. पण गणित आणि भाषा या विषयांत यंत्र मिळालेल्या शाळा आणि न मिळालेल्या शाळा यांच्यात फरक आढळला नाही. शिक्षकांना त्या यंत्रावर आपला धडा कसा घ्यायचा, हे पुरेसे कोणी दाखवलेच नव्हते.

भारताने स्वतःचा स्वस्त टॅब काढायचे ठरवले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’चे उद्घाटन झाले. सात इंची पडदा, २५६ एमबी रॅम आणि सरकारी खरेदीची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. जगभर त्याचे कौतुक झाले. पण पडदा जोरात दाबल्याशिवाय दाद देत नसे, आणि बॅटरी कॉलेजचा निम्मा दिवसही टिकत नसे. पुढची आवृत्ती आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली, प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते बाहेर आली. ती पहिल्यापेक्षा कितीतरी सुधारलेली होती. तरी ‘आकाश’ शाळांपर्यंत फारसा पोचला नाही. त्याचा मुख्य रोख महाविद्यालयांवर होता. पुढे बाजारातच स्वस्त टॅब आणि मोबाइल मिळू लागले, तेव्हा सरकारी टॅबची गरजही ओसरली.

२०१५ हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. त्यात बालभारतीची पाठ्यपुस्तके भरलेली होती. त्याच वर्षी दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, असा निर्णय राज्य शासनाने काढला. टॅबमुळे दप्तर हलके होईल, ही कल्पना लोकांना लगेच पटली. वाकलेली पाठ घेऊन जिना चढणारी मुले मुंबईत रोज दिसतात, त्यामुळे पटणे साहजिकही होते. पण छापील पान जसेच्या तसे पडद्यावर आणले तर बदलते ते फक्त ओझे. सातव्या पानावरचे न कळलेले उदाहरण पडद्यावरही न कळलेलेच राहते. ज्या मुलाला दुसरीतली वजाबाकी अडलेली आहे, त्याच्या हातात आठवीचे पुस्तक काचेत घालून दिल्याने त्याची अडचण जागची हलत नाही.

याच वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांत एक वेगळीच लाट आली. शासनाकडून यंत्रे येण्याची वाट न पाहता शिक्षकांनी लोकवर्गणी जमवली. यात्रेच्या वर्गणीतला वाटा, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, ग्रामपंचायतीचा निधी आणि कितीदा तरी गुरुजींचा स्वतःचा पगार, यांतून प्रोजेक्टर आणि टॅब आले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने हे काम त्याआधीच करून दाखवले होते, आणि ती शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय त्याला जोडले. हीच पद्धत पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, १० लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंचही ५ सप्टेंबर २०१७ पासून पुस्तकातल्या क्यूआर कोडवरच उभा आहे.

या दोन्ही शाळांत यंत्राच्या आधी शिक्षक उभा होता. कोणता घटक मुलांना जड जातो, हे त्याला वर्गात कळले होते आणि त्यावर उपाय शोधताना त्याच्या हाताला टॅब लागला. लॉस एंजलिसच्या शाळामंडळाने उलटा क्रम धरला. २०१३ मध्ये त्यांनी साऱ्या शाळांतल्या विद्यार्थ्यांना आयपॅड देण्याची शंभर कोटी डॉलरहून मोठी योजना आखली. यंत्रे मिळाल्यावर आठवडाभरातच शेकडो मुलांनी त्यातली बंधने काढून टाकली आणि नको ते पाहायला सुरुवात केली. यंत्रांबरोबर घेतलेला अभ्यासक्रम तेव्हा पुरता तयारही नव्हता. पुढच्याच वर्षी तो करार मोडावा लागला. पैसा कमी पडला म्हणून हे घडले नाही. तासाला काय शिकवायचे, हा प्रश्न खरेदी झाल्यानंतर विचारला गेला.

मग शैक्षणिक ॲपने मुलाला खरोखर काही येते का?

येते. त्याचा चांगला पुरावा भारतातच आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, सहावी ते नववीच्या मुलांवर अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ मुलांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना शाळा सुटल्यावरच्या केंद्रात ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमावर शिकण्याची संधी मिळाली. दिवसाला दीड तास. त्यातला निम्मा वेळ संगणकावर, निम्मा छोट्या गटात ताईंबरोबर. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितातली प्रगती चिठ्ठी न लागलेल्या मुलांच्या सुमारे दुप्पट झाली. हिंदीतही मोठा फरक पडला.

असे का झाले, हे शिक्षकाने नीट समजून घ्यावे. या संशोधकांनी आधी मुलांना नेमके काय येते ते तपासले, तेव्हा सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे आढळले. वर्गात शिकवणे चालू होते सहावीचे. तो तास अशा मुलाच्या डोक्यावरून जातो आणि शिक्षकाला त्याच्यासाठी वेगळे थांबता येत नाही. माइंडस्पार्क प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवर गाठतो. ५२ मधून १७ वजा करताना मुलाने ४५ लिहिले, तर हातचा घ्यायचे राहून लहान अंक मोठ्या अंकातून वजा झाला आहे, हे कार्यक्रमाच्या लक्षात येते आणि पुढची उदाहरणे त्याच गाठीवर येतात. चांगल्या शिक्षकालाही ही चूक दिसते. पण ४० वह्यांतली प्रत्येक चूक, रोज, त्याच क्षणी पाहणे एका माणसाला शक्य नसते.

या निष्कर्षाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. राज्याच्या डोंगराळ आणि दुर्गम भागात अशा द्विशिक्षकी शाळा पावलोपावली आहेत. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी; त्यातला एक शिक्षक पंचायत समितीत बैठकीला गेला की चारही इयत्ता एकट्या गुरुजींवर. तिसरीला भागाकार समजावताना चौथीने काय करायचे? आजवर याचे उत्तर होते ‘पाढे लिहा’ किंवा ‘धडा उतरवून काढा’. तो वेळ कोणी मोजत नाही, पण बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा, दिवसाचा निम्मा भाग त्यात जातो. शैक्षणिक ॲपची खरी जागा हीच. बाई तिसरीजवळ बसलेल्या असताना चौथीतली पाच मुले आपापल्या पायरीची उदाहरणे सोडवत असतील आणि तास संपताना कोण कुठे अडले हे बाईंना पडद्यावर दिसत असेल, तर त्या टॅबने आपली किंमत वसूल केली.

‘असर’ या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले फक्त २७ टक्के आहेत. याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारले गेले. ज्यांना फोन वापरता येतो त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शाळेचे काम स्पष्ट होते. पडदा मुलांच्या आयुष्यात आलेलाच आहे. तो शिकण्यासाठीही असतो, हे दाखवणारी जागा बहुतेक मुलांसाठी शाळा सोडून दुसरी नाही.

दर मुलामागे एक टॅब हवाच, हा समजही इथे बाजूला ठेवायला हवा. १९९० च्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २०१५ पासून महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या गावांत मुलांच्या छोट्या गटांना एकेक टॅब दिला. चार-पाच मुले, गावातच, शाळेनंतर. एकाने वाचायचे, दुसऱ्याने उत्तर निवडायचे, तिसऱ्याने ‘ते चूक आहे’ म्हणून भांडायचे. त्या भांडणात मुले आपले म्हणणे शब्दांत मांडायला शिकतात, आणि एकट्याने पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला तो लाभ नसतो. मराठी शाळांत गटकार्याची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गातल्या फरशीवर गटांसाठी जे साहित्य आखले, त्याच्याशेजारी टॅब सहज बसतो.

आफ्रिकेतला एक दाखलाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. टांझानियाच्या १७० गावांत २०१९ पर्यंत एक मोठी स्पर्धात्मक चाचणी झाली. शाळेत न जाणाऱ्या किंवा नावापुरत्या गेलेल्या मुलांना स्वाहिली भाषेतली ॲप भरलेले टॅब दिले गेले. सुरुवातीला दहापैकी नऊ मुलांना स्वाहिलीतला एकही शब्द वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आले. ब्रिटनची ‘वनबिलियन’ आणि दक्षिण कोरिया-अमेरिकेतील ‘किटकिट स्कूल’ यांना बक्षीस विभागून मिळाले. बंगळूरुची ‘चिंपल’ अंतिम पाचांत होती. या सर्व ॲपमध्ये एक गोष्ट समान होती: मुलाशी बोलणारा आवाज त्याच्या स्वतःच्या भाषेत होता.

मराठी ॲपची अडचण नेमकी इथेच सुरू होते आणि तिकडे फार कमी लक्ष गेले आहे. अनेक ॲप आधी इंग्रजी किंवा हिंदीत तयार होतात आणि मग मराठीत उतरवली जातात. मराठीत ६९ ला एकोणसत्तर म्हणतात. ‘सत्तर’ ऐकू आल्यावर सहा वर्षांचे मूल ७९ लिहून बसते. पहिली-दुसरीतल्या प्रत्येक बाईंना हे पाठ आहे. संख्यावाचनाच्या अडचणीवरूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावर राज्यभर वाद झाला होता. मराठीसाठी मुळापासून घडवलेल्या ॲपमध्ये एकोणतीस, एकोणचाळीस अशा संख्यांचा वेगळा सराव असायलाच हवा. उतरवलेल्या ॲपमध्ये तो सापडत नाही. अक्षरांचेही तेच. शासनाच्या प्रमाण वर्णमालेत देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ आहे. कित्येक टॅबमधल्या फाँटमध्ये ही दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. पुस्तकात एक ‘ल’, पडद्यावर दुसरा. मोठ्या माणसाला याचे काही वाटत नाही, पण काल अक्षर शिकलेल्या मुलाला ते नवे अक्षर वाटते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी, नंदुरबारला पावरी किंवा भिली बोलणारी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुले तर प्रमाण मराठीच शाळेत नव्याने ऐकतात. त्यांच्या शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात घरच्या भाषेतले शब्द ध्वनिमुद्रित करून मेमरी कार्डावर भरले, तर ते कोणत्याही महागड्या ॲपपेक्षा अधिक कामाचे ठरेल.

काही ॲप आज खरोखर हाताशी आहेत. गुगलचे ‘रीड अलाँग’ २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने हिंदी-इंग्रजीत सुरू झाले आणि वर्षभरात मराठीतही आले. त्यातली ‘दिया’ मुलाचे प्रकट वाचन ऐकते, अडखळलेला शब्द उच्चारून दाखवते आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही चालते. वाचनाची भीती बसलेले मूल वर्गासमोर तोंड उघडत नाही. कोपऱ्यात बसून दियाला मात्र वाचून दाखवते. ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली गोष्टीची पुस्तके मोफत देते. ‘जिओजेब्रा’ ऑस्ट्रियातल्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून २००१ मध्ये जन्माला आले. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलत जातात आणि बेरीज मात्र १८० अंशांवर ठाम राहते. फळ्यावर एकच त्रिकोण काढता येतो, इथे तासाभरात शंभर पाहता येतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना पडद्यावरच्या पात्रांना हालवायला शिकवणारे ‘स्क्रॅच ज्युनियर’ही आहे.

विज्ञानासाठी ‘फेट’ प्रयोगांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हे काम सुरू केले. त्यातले बरेच प्रयोग मराठीत वापरता येतात. विद्युत परिपथाचा धडा घ्या. पडद्यावर घट, दिवा आणि तारा जोडल्या की तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. दुसरा दिवा एकसर जोडला की ते मंदावतात. प्रयोगशाळेत ही गोष्ट डोळ्यांना कधीच दिसत नाही. मात्र तासाची सुरुवात टॅबपासून करू नये. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून जी वैज्ञानिक खेळणी घडवली, त्यांनी दाखवून दिले की मुलाच्या हाताला वस्तू लागल्याशिवाय प्रश्न तयार होत नाही. आधी टॉर्चचा खरा घट, खरा दिवा, खरी तार. दिवा लागला की मूल विचारते, ‘आत काय होतं?’ त्या प्रश्नानंतर टॅब उघडावा.

शिक्षकांच्या मनातला ॲपबद्दलचा कंटाळाही प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवा. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, त्याशिवाय यू-डायस आहे, पोषण आहाराची रोजची नोंद आहे, हजेरी आहे, प्रशिक्षणाच्या लिंक आहेत. गुरुजींच्या फोनमधली बहुतेक ॲप माहिती मागतात, शिकवायला मदत करणारी फार थोडी असतात. रेंज शोधत शाळेमागच्या टेकडीवर चढणाऱ्या शिक्षकाला आणखी एक ॲप म्हणजे आणखी एक काम वाटले, तर दोष त्याचा नाही. वर्गातल्या ॲपकडून कार्यालयाने आकडे मागायला सुरुवात केली, की शिक्षक आकडे भरतील आणि शिकवणे मागे पडेल. मुलाने काय सोडवले, हे शिक्षकासाठी असावे, तक्त्यासाठी नव्हे.

आणि डेडस्टॉक रजिस्टर. राज्यातल्या कितीतरी शाळांत टॅब कपाटात कुलूपबंद आहेत. शाळेची वस्तू एकदा त्या नोंदवहीत चढली की फुटल्याचा जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, लेखापरीक्षणात प्रश्न निघतो. मुलांच्या हाती दिलेला टॅब कधीतरी पडणार, काच तडकणार, चार्जिंगची पिन सैल होणार. तिसऱ्या वर्षी बॅटरी दम सोडणार. ही वापराची झीज आहे, आणि ती मान्य करणारी तरतूद खरेदीबरोबरच झाली नाही तर सर्वांत सुरक्षित टॅब हा कधीच न उघडलेला टॅब ठरतो. खरेदीच्या निविदेत दुरुस्ती, सुटे भाग, चार्जिंगची पेटी आणि शिक्षकांचे सलग प्रशिक्षण यांचा खर्च धरलेला असावा. केरळने २००१ पासूनच्या ‘आयटी@स्कूल’ कार्यक्रमात शिक्षक प्रशिक्षण आणि मुक्त सॉफ्टवेअर यांवर आधी भर दिला आणि मग ४५ हजार वर्गखोल्या सुसज्ज केल्या. तो क्रम महाराष्ट्रानेही घ्यावा.

ॲप कोणाच्या मालकीचे आहे, हाही प्रश्न आहे. आंध्र प्रदेश सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आठवीच्या सुमारे साडेचार लाख विद्यार्थ्यांना बायजूजचा अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दोन वर्षे उलटायच्या आत ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. ज्या राज्याचे पाठ एका खासगी कंपनीच्या कुलपात असतात, त्या राज्याच्या मुलांचा अभ्यास त्या कंपनीच्या नफातोट्याला बांधला जातो. बालभारतीकडे १९६७ पासून जमलेला पाठ्यसाहित्याचा आणि चित्रांचा ठेवा आहे. चांगली मराठी ॲप सार्वजनिक पैशातून आणि सर्वांना खुली अशी घडवायची, तर सुरुवात तिथूनच करता येईल. मुलांच्या माहितीचीही काळजी घ्यायला हवी. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी प्रसिद्ध केली. बहुतेकांत मुलांच्या खासगीपणाला धोका आढळला, आणि त्या यादीत आपले ‘दीक्षा’ही होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर मागणारे ॲप वर्गात नको, एवढा नियम शिक्षक आजही पाळू शकतात.

पडद्यासमोर किती वेळ, याला मर्यादा हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा सांगितली. त्याहून कमी असेल तर उत्तम. केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे पुरेशी मानली, आणि तीही शाळा बंद असतानाच्या काळात. शाळा चालू असताना एका तासिकेहून अधिक टॅब कशाला हवा? स्वीडनने २०२३ मध्ये लहान मुलांच्या शिक्षणातल्या पडद्यांवर फेरविचार करून छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा दिला. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या जागतिक शिक्षण अहवालाचा सूरही सावधच होता. ज्या शाळेत अजून वाचनालयाची पेटी उघडत नाही, तिथे टॅबआधी ती पेटी उघडावी. हाताने अक्षर वळवणे, मैदानावर धावणे, बाईंच्या तोंडून गोष्ट ऐकणे यांना टॅब पर्याय देऊ शकत नाही.

मोठ्या मुलांचे गणित थोडे वेगळे आहे. नागपूरची ‘महाज्योती’ संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देते. ज्या मुलाला लातूर किंवा पुण्याच्या शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्याच्यासाठी त्या टॅबवरची व्याख्याने हीच शिकवणी असते. तिथे मुलाला एकट्याने तासन्‌तास अभ्यास करायचा असतो आणि तो करण्याचे त्याचे वयही असते. दुसरीच्या वर्गात तोच टॅब तसाच वापरता येणार नाही. योजना आखताना हा फरक वारंवार विसरला जातो.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. सगळी प्रकरणे सलग वाचून संपवू नका. आपल्या वर्गात या महिन्यात मुलांना सर्वाधिक जड गेलेला एक घटक निवडा. हातच्याची वजाबाकी असेल, जोडाक्षरे असतील, अपूर्णांक असतील. दहा प्रश्नांची साधी चाचणी कागदावर घ्या आणि गुण वहीत लिहून ठेवा. मग त्या घटकाचे प्रकरण उघडा, त्यातले ॲप आधी स्वतः सोडवून पाहा, मराठी नीट आहे का, इंटरनेटशिवाय चालते का ते तपासा, आणि तीन आठवडे, आठवड्यातून तीन तासिका, गटात वापरा. त्यानंतर तशाच दहा प्रश्नांची चाचणी पुन्हा घ्या. फरक पडला नाही तर ते ॲप सोडून द्या. जे हाती लागेल ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगा, न जमलेलेही सांगा. शेजारच्या वाडीतल्या गुरुजींना त्याचा उपयोग होईल.